आमचं भूत दुपारी बाराचं

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत बावीस वर्षं शिकवते. शनिवारी शेवटच्या तासाला चौथीच्या मुलांना भुताच्या गोष्टी सांगता सांगता त्यांची सहा छोटी पुस्तकं झाली. तीन भावंडं, त्यांची आंधळी आजी आणि गावातलं एकेक गूढ. केळीच्या बागेतला चकवा, तापीच्या डोहावरचा दिवा, आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) घागरीतलं कमी होणारं पाणी, सातपुड्याच्या पायथ्याची डाकीण, असं. प्रत्येक पुस्तकात चोर सापडतो, पण एक गोष्ट उलगडत नाही, ती तशीच राहते. आता मुंबईच्या एका निर्मात्यांना त्यावर वेब मालिका करायची आहे. त्यांचं म्हणणं, गोष्ट कोकणात नेऊ, मुलं सोळा वर्षांची करू, चोर पहिल्याच भागात दाखवू, अहिराणी काढू आणि भूत ‘नीट’ दाखवू. एकोणीस पानांचा इंग्रजी करार पाठवलाय. आमचे मिस्टर म्हणतात, आलेली लक्ष्मी परत पाठवू नको. शाळेतली पोरं म्हणतात, मॅडम, आपलं गाव टीव्हीत येणार! पण गावच येणार नसेल तर? शिवाय भूत दाखवलं म्हणून अंधश्रद्धा पसरवल्याचा ठपका येईल का, ही धास्ती आहेच. सही करू का?
एक शिक्षिका, चोपडा तालुका

ताई, नमस्कार.

पत्रासोबत सहाही पुस्तकं पाठवलीत ते फार बरं केलंत. दोन रात्रींत वाचून काढली. काही बाबतींत तुमचा निर्माता बरोबर आहे, एका ठिकाणी चक्क तुम्ही चुकला आहात, त्याकडे येतोच. पण आधी कोकणाचं बघू, कारण बाकीचे निम्मे वाद त्यातूनच निघालेत.

मराठी पडद्यावर भूत म्हटलं की सरंजाम ठरलेला. चिऱ्याचा वाडा, माडांची रांग, मागीलदारी विहीर, बाहेर धो धो पाऊस, आत कंदील. त्यात कोकणाचा काही दोष नाही. एकदा कुणाचं तरी चाललं, मग सगळ्यांनी तीच वाट धरली. माझ्यावरही हे बेतलंय. मुंबईत मालिका लिहीत होतो तेव्हा भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली एक गोष्ट विकली होती. रात्रपाळीहून घरी येणारा गार्ड, यार्डात रात्रभर चालणारं शंटिंग, क्वार्टरच्या भिंतींना बसणारे हादरे, सगळं कागदावर होतं. पडद्यावर बघतो तर क्वार्टरच्या मागं नारळ डुलतोय. फोन केला तर पलीकडून उत्तर, ‘सर, रात्रीचा सीन आहे, कोण बघतंय!’ माझ्या आईनं बघितलं. तिला गोष्टीतलं बाकी काही आठवत नाही, पण पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगायची, ‘भुसावयमा नारय!’

करारावर सही मी केली होती, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून, न वाचता. त्यामुळं तक्रारीला तोंड नव्हतं.

तुमच्या गोष्टी कोकणात का जाणार नाहीत, हे निर्मात्याला पटवायचं असेल तर ‘आमच्या मातीचा अभिमान’ वगैरे बोलू नका. अशी वाक्यं ऐकायची त्यांना सवय असते. तुमच्या पुस्तकांतली भीती कशानं तयार होते, ते त्यांना दाखवा. कोकणातलं भूत आडोशाचं असतं. झाडी, अंधार, वळण, त्यामागं काहीतरी. आपल्याकडं आडोसा कुठाय? मे महिन्यात बांधावर उभं राहिलं तर दोन कोसांवरची एसटी धुळीवरून ओळखू येते. आपल्याकडची भीती उघड्यावरची. सगळं दिसत असतं आणि तरी कुणीच नसतं.

तिची वेळही वेगळी. ४५ अंशांच्या उन्हात जळगाव-चोपडा पट्ट्यातलं गाव दुपारी बारा ते चार मध्यरात्रीसारखं मेलेलं असतं. दारं लोटलेली, कुत्री बैलगाडीखाली, तापलेले पत्रे मधूनच कडकड वाजतात, कुठं एखादा होला घुमतो, कूलरची घरघर तेवढी भिंतीपलीकडून येते. मैदानातून वावटळ उठते आणि पोरं थू थू करत बाजूला होतात. ‘बारा वाजता चिंचेखाली जाऊ नको’ हे आपल्याला आज्यांनी सांगितलेलंच आहे. मराठी भूत काही फक्त रात्रपाळीला नसतं. भर दुपारचं भूत जुनंच आहे, फक्त पडद्यानं त्याला फारशी संधी दिली नाही.

आणि तुमचं पाचवं पुस्तक, आखाजीचं! ताई, सहा पुस्तकांत ते सगळ्यात सरस आहे आणि तुम्हाला पत्रात त्याबद्दल अर्धी ओळ लिहावीशी वाटली. निर्मात्याला आखाजी ठाऊक नसणार. अक्षय्य तृतीया म्हणजे सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती, एवढंच त्याच्या कानावर. त्याला सांगा, आमच्याकडं त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, सांजोरी ठेवतात, निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकतात आणि मग घर जेवतं. लेकी माहेरी आलेल्या असतात, लिंबाला झोके बांधलेले असतात, पारावर पत्त्यांचे डाव बसलेले असतात. (त्या एका दिवशी पत्ते खेळायला कायद्यानंच सूट आहे, असं मला दहावीपर्यंत वाटत होतं.) पडद्यावरच्या भुतांना अमावास्येची रात्र लागते, आमची मेलेली माणसं भर उन्हात, पुरणपोळी खायला, बोलावणं करून येतात. गूढकथेला याहून चांगला सण शोधून सापडणार नाही.

त्यात तुमची ती धाकटी घागरीवर आतल्या बाजूनं कोळशानं रेघ मारून ठेवते. नवी घागर झिरपते, पाणी थोडं उतरणारच, हे खान्देशातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण आजोबांच्या घागरीचं उतरतं तेवढं शेजारी ठेवलेल्या पणजीच्या घागरीचं उतरत नाही. दोन्ही एकाच कुंभाराच्या, एकाच भट्टीतल्या. हे पान वाचताना मी उठून पाणी प्यायलो. आता हे पडद्यावर कसं दिसेल? दोन घागरी, दोन रेघा, बाहेर झोक्याच्या दोराची करकर, माजघरात ताटं वाढल्याचा आवाज. कॅमेरा मिनिटभर तिथंच राहील आणि काही घडणार नाही. बस. यात कुठला वाडा लागतो, कुठला पाऊस?

निर्मात्याला याचा एक हिशेबी फायदाही आहे आणि तो तुम्ही जरूर सांगा. रात्रीचं चित्रीकरण म्हणजे जनरेटर, उंचावरचे दिवे, रात्रपाळीचा भत्ता आणि झोपाळलेली पोरं. दुपारचं भूत सूर्यावर चालतं. ऐन मेमध्ये मात्र मुलांना उन्हात उभं करू देऊ नका. होळी झाली, गहू-हरभरा निघाला की शेतं मोकळी होतात. तेव्हा सकाळी करा, पडद्यावर मेच वाटेल. पायाखाली सावली गोळा झालेली ती दोनचार खरी दुपारची दृश्यं मोठ्या माणसांवर किंवा नुसत्या रिकाम्या गल्लीवर घेता येतात.

मुलं सोळा वर्षांची का हवीत, याचं उत्तरही इथंच आहे. निर्माते ‘टार्गेट ऑडियन्स’ वगैरे सांगतील, पण एक कारण कायद्याचं असतं. चौदा वर्षांखालच्या कलाकाराला बालकामगार कायद्याच्या २०१७च्या नियमांप्रमाणं दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस नेमावा लागतो, मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के हिस्सा त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. सोळा वर्षांच्या मुलाला हे जाचक नियम लागत नाहीत, म्हणून सोपं. तुमचा आग्रह दहा वर्षांचा आहे. मी म्हणेन बारा-तेरापर्यंत जाऊ द्या, त्यापुढं नाही. भा. रा. भागवतांचा शाळकरी फास्टर फेणे २०१७च्या चित्रपटात तरुण झाला आणि ते खपलं, कारण त्याचं भांडवल धाडस आहे, आणि धाडस वयाबरोबर मोठं करता येतं. तुमच्या पोरांचं भांडवल भीती आहे. दहा वर्षांचा मुलगा बापामागं बॅटरी घेऊन रातच्या लाईटीला मोटर चालू करायला जातो, स्टार्टरच्या पेटीतला तो लाल दिवा त्याला डोळ्यासारखा दिसतो. सोळाव्या वर्षी तोच पोरगा मोबाईलवर गाणं लावून एकटा जातो. आणि सोळा वर्षांची तीन पोरं ठेवलीत तर तिसऱ्या भागात प्रेमप्रकरण येणार, ही मी लेखी हमी देतो.

चोर पहिल्या भागात दाखवायचं म्हणतात, ते मात्र ऐका. तुम्हाला वाटतं की रहस्याचा जीवच गेला. सत्यजित राय यांनी ‘सोनार केल्ला’ ही स्वतःचीच मुलांसाठीची कादंबरी १९७४ साली पडद्यावर आणली तेव्हा कादंबरीत बराच वेळ झाकून ठेवलेली बदमाशांची ओळख चित्रपटात लवकरच उघड केली. गोष्ट त्यांची, चित्रपट त्यांचा, कुणाची जबरदस्ती नाही. पुस्तकात मुलगा मागची पानं चाळून दुवे तपासतो. पडद्यावर तेवढी सवड नसते. तिथं ‘चोर कोण’पेक्षा ‘चोर शेजारीच बसलाय आणि पोरांना माहीत नाही’ यानं जास्त जीव वरखाली होतो. शिवाय तुमच्या पुस्तकांत चोर सापडणं तसंही दुय्यम आहे, हे तुम्हीच लिहिलंय. खरी गोम त्या न उलगडलेल्या गोष्टीत. चोर खुशाल लवकर देऊन टाका आणि त्या बदल्यात घागर मागून घ्या.

अहिराणीवर अडून बसा, पण शिक्षिकेच्या हुशारीनं. सगळे संवाद अहिराणीत ठेवले तर पुण्या-कोल्हापूरचा प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत उठेल, ही भीती अगदीच खोटी नाही; दुसरीकडं अहिराणी गाणी यूट्यूबवर कोटींच्या घरात बघितली जातात, हेही खरं. तुमच्या वर्गात काय होतं ते आठवा. पोरं आपसांत अहिराणी बोलतात आणि मोठं कुणी आलं की तोंड पुसल्यासारखी पुस्तकी मराठीवर येतात. तिसऱ्या पुस्तकात डोहाकाठी ‘आठे कोन शे?’ ‘कोनीच नई’ अशी कुजबुज आहे आणि पुढच्याच पानावर गुरुजींसमोर ‘सर, आम्ही तिकडे गेलोच नव्हतो.’ म्हणजे तुमची पोरं खरं बोलतात अहिराणीत आणि थापा मारतात मराठीत! हे बहुधा तुमच्याही लक्षात आलं नसेल. निर्मात्याला एवढं एकच सूत्र द्या. प्रेक्षकाला दोन भागांत कळेल की पोरं मराठीत बोलायला लागली म्हणजे काहीतरी लपवतायत. मग ती बोली अडचण राहत नाही, रहस्याचा दुवा होते.

‘नीट’ भूत दाखवणं. नको. पण ‘भूत दाखवायचं नाही’ असं करारात लिहून भागत नाही, कारण मग धूर दाखवतील, केस दाखवतील, पैंजण वाजवतील. काय दाखवायचं ते तुम्ही सुचवा. केळीच्या बागेतला चकवा घ्या. पावसाळी लागवडीची मृगबाग असो की त्यानंतरची कांदेबाग, पाच-पाच फुटांवर लावलेली खोडं, चारी बाजूंना सारखीच. डोक्यावर पानांचं छत, आत हिरवा अंधार, ठिबकच्या नळ्यांची फुसफुस. वाऱ्यानं चिरलेली पानं एकमेकांवर घासतात तेव्हा कुणीतरी लुगडं आवरत चालल्यासारखा आवाज येतो. दहा वर्षांच्या पोराच्या उंचीवर कॅमेरा ठेवला तर खोडांशिवाय काही दिसतच नाही. पोरगं खुणेसाठी एका केळफुलाला रुमाल बांधतं आणि दहा मिनिटांनी पुन्हा त्याच रुमालापाशी येतं. तिसऱ्यांदा येतं तेव्हा रुमाल असतो, पण गाठ दुसऱ्या बाजूला. तुमचंच पान आहे हे, ७१वं. यात भूत कुठं घालणार?

आता तुमची चूक. सहावं पुस्तक, डाकिणीचं.

तुमचा हेतू स्वच्छ आहे, त्याबद्दल शंका नाही. गाव एका म्हातारीला डाकीण ठरवतं, पोरं खरा लबाड शोधून काढतात, म्हातारी सुटते. इथपर्यंत उत्तम. पण तुमच्या नेहमीच्या रीतीप्रमाणं शेवटी एक गोष्ट उलगडायची बाकी ठेवलीत, आणि ती कुठली, तर म्हातारीच्या झोपडीतला दिवा तेलाशिवाय जळतो. ताई, घागर न उलगडता राहिली तर आजोबांचं काही बिघडत नाही. दिवा न उलगडता राहिला की संशय त्या बाईवर राहतो. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारपासून आपल्या चोपडा-यावलच्या पाड्यांपर्यंत, ‘डाकीण’ हा गोष्टीतला शब्द नाही. त्या शब्दापायी बायकांना मारहाण झालीय, गाव सोडावं लागलंय, जीव गेलेत. छापील पानावर ती बारीकशी जागा निसटून जाते. पडद्यावर आपोआप जळणारा दिवा आणि शेजारी तिचा चेहरा आला की सगळं पुस्तक उलटं फिरतं. जिथं हे घडतं त्याच पाड्यावर मोबाईलवर ते बघितलं जाणार आहे. त्या गोष्टीतलं न सुटलेलं कोडं म्हातारीपासून लांब न्या, नाल्यात, जंगलात, कुठंही. किंवा त्या एका पुस्तकात सगळंच उलगडू द्या. आणि हे निर्मात्यानं सांगायची वाट बघू नका, कारण तो उलट त्या दिव्यावरच खूश झालेला असणार.

कायद्याच्या धास्तीचं उत्तर यातच आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा. एखाद्या बाईला करणी करणारी ठरवून छळणं, भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, चमत्काराच्या नावावर लोकांना लुबाडणं, असल्या कृत्यांवर तो आहे. भुताची गोष्ट लिहिणं किंवा दाखवणं हा त्यात गुन्हा नाही. ठपका ठेवणारे ठेवतील. त्यांना सहावं पुस्तक दुरुस्त करून दाखवलंत की बोलायला फार उरत नाही.

आता त्या एकोणीस पानांकडं. मी वकील नाही. कॉपीराइटची कामं करणारा वकील गाठा, घरचे व्यवहार बघणारे तालुक्याचे वकीलसाहेब इथं चालायचे नाहीत. पण त्यांच्याकडं जाण्याआधी काय विचारायचं ते ठाऊक असलेलं बरं.

सगळ्यात आधी कपाटातून तुमच्या प्रकाशकाशी झालेला जुना करार काढा. पटकथेचे, नाट्यरूपांतराचे हक्क तेव्हाच त्यांना देऊन बसलेल्या असाल तर पुढचं सगळं बोलणं फुकट आहे. चित्रं ज्यांनी काढली त्यांचाही विचार करा. तीन भावंडांचे ते चेहरे, धाकटीची ती दोन वेगळ्या रंगांची रिबनं, ही चित्रकाराची निर्मिती आहे. पडद्यावर तशीच पात्रं हवी असतील तर त्यांची लेखी संमती आणि मोबदला वेगळा.

निर्मात्याला आत्ता सगळे हक्क विकत देऊ नका. ‘ऑप्शन’ द्या. म्हणजे ठरावीक रकमेच्या बदल्यात, समजा बारा किंवा अठरा महिने, दुसऱ्या कुणाला हक्क न देण्याचं वचन. तेवढ्यात त्यांनी पैसा उभा केला तर खरा करार, नाही तर पुस्तकं मोकळी आणि ती रक्कम तुमची. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७च्या, कलम १९ लेखकाच्या बाजूनं बरंच बोलतं : हस्तांतर लेखीच हवं; मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात; प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत; आणि घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर तो संपुष्टात येतो. मेख एवढीच की ‘करारात वेगळं लिहिलं नसेल तर’. म्हणून तर एकोणीस पानं लागतात. त्यांत कुठंतरी ‘अखिल विश्वात, अनंत काळापर्यंत’ अशा अर्थाचं वाक्य असणार. हसू नका, असतंच. मंगळावर तुमची आखाजी दाखवायचा हक्क त्यांना जरूर द्या, पण अनंत काळ खोडा.

पात्रांचे हक्क आणि सहा गोष्टींचे हक्क हे दोन वेगळे आहेत, हे लक्षात ठेवा. पात्रंच देऊन टाकलीत तर सातवं पुस्तक लिहायला तुम्हाला त्यांची परवानगी लागेल. नवी पुस्तकं, भाषांतरं, ऑडिओ, कॉमिक्स आणि शाळेच्या गॅदरिंगमधलं नाटक हे स्वतःकडं राखल्याचं स्पष्ट लिहून घ्या. गॅदरिंग मी गमतीनं म्हणत नाही.

गोष्टीची मोडतोड झाली तर काय, हा तुमचा खरा प्रश्न. कलम ५७ लेखकाला हक्क विकल्यानंतरही नावाचा आणि विकृतीला हरकत घेण्याचा अधिकार देतं. हिंदी लेखिका मन्नू भंडारींच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरून ‘समय की धारा’ हा चित्रपट निघाला तेव्हा त्या कोर्टात गेल्या, आणि १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की माध्यम बदलताना लागणारे फेरफार करता येतात, मूळ कृती विद्रूप करता येत नाही. पण कोर्ट हा शेवटचा दरवाजा; चोपड्याहून मुंबईच्या तारखांना खेपा घालत कोण बसणार? त्यापेक्षा करारात चार ठोस गोष्टी आत्ताच लिहून घ्या : घटनास्थळ खान्देश, मुलं तेरा वर्षांपर्यंतची, मुलांचे आपसांतले संवाद अहिराणीत, आणि वयोगटाचं मानांकन यू/ए ७+ च्या वर जाणार नाही. शेवटचं माझं आवडतं. वेब मालिकांना २०२१च्या नियमांप्रमाणं यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असं वर्गीकरण लावावं लागतं. रक्त किती, किंकाळ्या किती, यावर दिग्दर्शकाशी रोज वाद घालण्यापेक्षा ही एक ओळ जास्त काम करते. ‘लेखकाशी सल्लामसलत केली जाईल’ असल्या वाक्यावर मात्र विसंबू नका. सल्लामसलत म्हणजे तुम्हाला फोन करून कळवणं.

श्रेयनामावलीत ‘कल्पना’ नको, ‘मूळ पुस्तकमाला’ असं हवं, आणि पुस्तकांचं नाव हवं. २०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावर रॉयल्टीत समान वाटा मागता येतो आणि तो सोडून दिल्याचं लिहून घेणं कायद्याला मान्य नाही. वेब मालिकेच्या बाबतीत हे तुम्हाला नेमकं कसं लागू होतं, ते वकिलाकडून समजून घ्या. हो, आणि जिल्हा परिषदेच्या सेवेत आहात, तेव्हा पैसे घेण्याआधी कार्यालयाला लेखी कळवून पोचपावती फायलीला लावा. मिस्टरांना सांगा, लक्ष्मी परत जात नाहीये, दारात कागदपत्रं तपासतेय.

तर सही आत्ता नाही. निर्मात्याला दोन ओळींचं पत्र लिहा, चोर लवकर दाखवायला माझी हरकत नाही, पण बाकीचं बोलण्याआधी एकदा गाव बघून जा. आखाजीला जेवायला बोलवा. दिग्दर्शकालाही घेऊन या म्हणावं. गाडी फाट्यावर ठेवायला सांगा आणि तिथून केळीच्या बागेतून घरापर्यंत तुमच्या वर्गातल्या दोन पोरांबरोबर चालत येऊ द्या, साडेअकरा-बाराच्या सुमाराला. डोक्याला रुमाल आणायला मात्र आठवणीनं सांगा.